मैलांचा हिशेब

स्टीव्ह फेअरबेर्न हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं नसेल. ऐकायचं काही कारणही नाही म्हणा. हा माणूस जन्माने ऑस्ट्रेलियन, शिकला केंब्रिजला, आयुष्यभर नाद केला तो वल्ही मारण्याचा आणि वारला 1938 साली. रोइंग म्हटलं की आपल्या पुणेकरांना सीओईपीचा बोट क्लब आणि मुळेवरची रेगाटा आठवते. रात्रीच्या अंधारात पाण्यावर तयार होणारा तो मशालींचा बाण आठवतो. बाकीच्यांना तेवढंही आठवत नाही. ही रेगाटा 1928 पासूनची, पण ती आपण बघतो जत्रा बघावी तशी. त्या खेळाला एक इतिहास आहे, त्यात भांडणं आहेत, पंथ आहेत, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

तर गेले काही महिने हा फेअरबेर्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. तो खेळाडू म्हणून चांगलाच होता, पण तसे चांगले खेळाडू बरेच होऊन गेले. मला गुंतवून ठेवलं ते त्याने नंतर कोच म्हणून जे सांगितलं त्याने. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत सांगायचं तर: टॅलेंट शोधत बसू नका, मैल मोजा. माणूस किती मैल वल्हवतो त्यावर तो घडतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण हे कोण म्हणालं, कधी म्हणालं आणि कुणाबद्दल म्हणालं, ते बघायला गेलं की प्रकरण गुंतागुंतीचं होत जातं. ते सगळं एकदा लिहून काढावं म्हणून हा लेखनप्रपंच.

फेअरबेर्नचा जन्म 1862 चा, मेलबर्नमधला. बाप स्कॉटलंडहून आलेला, मेंढ्या आणि जमिनी यांच्यावर श्रीमंत झालेला. मुलगा अंगाने दणकट, मैदानी खेळात पुढे. 1881 मध्ये तो केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाला. हे कॉलेज 1496 सालचं, पण त्या काळात त्याची ख्याती ग्रंथालयापेक्षा नदीमुळे जास्त होती.

इथे केंब्रिजच्या शर्यतीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथली कॅम नदी अगदी अरुंद. आठ-आठ वल्हेकऱ्यांच्या लांबलचक बोटी शेजारी शेजारी पळवायला जागाच नाही. मग त्यांनी युक्ती काढली. बोटी एकामागे एक उभ्या करायच्या, दोन बोटींमध्ये सुमारे दीड बोटीचं अंतर ठेवायचं, तोफ उडाली की सगळ्यांनी एकदम सुटायचं. पुढच्या बोटीला गाठून धक्का दिला की दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या जागी, ती तुमच्या जागी. असे चार-चार दिवस धक्के. जी बोट सगळ्यात पुढे राहील ती 'हेड ऑफ द रिव्हर', नदीची प्रमुख. जीझस कॉलेजने हा मान 1875 पासून 1885 पर्यंत सलग अकरा वर्षं राखला. आपला फेअरबेर्न या साखळीच्या उत्तरार्धात बोटीत होता.

ऑक्सफर्डविरुद्धच्या सुप्रसिद्ध बोट रेसमध्ये तो केंब्रिजकडून चारदा उतरला. 1882 आणि 1883 ला हरला, 1886 आणि 1887 ला जिंकला. त्यातली 1886 ची शर्यत नाट्यमय झाली. बार्न्सच्या पुलापाशी ऑक्सफर्ड पुढे होतं, तिथून केंब्रिजने त्यांना गाठलं आणि हरवलं. त्या पुलाशी मागे असलेली बोट शेवटी जिंकते असं तोवर कधी झालं नव्हतं. मधल्या काळात पठ्ठ्याने वकिलीची सनदही घेतली. पण वकिली कधी केली नाही! घरी परत गेला आणि क्वीन्सलंडमध्ये कुटुंबाच्या मेंढ्यांच्या इस्टेटी सांभाळत बसला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. चार रेसा, दोन विजय, भिंतीवर टांगलेलं एक वल्हं, म्हातारपणी नातवंडांना सांगायच्या गोष्टी. बहुतेक खेळाडूंची गोष्ट इथेच संपते. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, चाळिशी ओलांडल्यावर, हा गृहस्थ इंग्लंडला परत आला आणि आपल्या जुन्या कॉलेजच्या मुलांना शिकवायला लागला. तोवर जीझसची बोट पार घसरलेली होती. काही वर्षांत ती पुन्हा वरच्या बोटींमध्ये दिसू लागली. पुढे थेम्सवरच्या क्लबांनीही त्याला बोलावलं, आधी थेम्स रोइंग क्लब, मग लंडन रोइंग क्लब. मरेपर्यंत त्याने दुसरं काही केलं नाही असं म्हटलं तरी चालेल.

आणि शिकवता शिकवता त्याने एक भांडण उकरून काढलं.

त्या काळी इंग्लंडमध्ये वल्हवण्याची एक 'शास्त्रशुद्ध' पद्धत होती. तिला ते ऑर्थोडॉक्स म्हणत. पाठ ताठ, खांदे असे, मान अशी, कमरेतून पुढे झुकायचं आणि मग धड मागे फेकायचं. कोच काठावरून बघायचा तो शरीराकडे. आठही पाठी एका रेषेत दिसल्या म्हणजे बोट उत्तम. ही पद्धत घडली होती बोटीतली बैठक पक्की, न हलणारी असे तेव्हा. पण 1870 च्या दशकात सरकती सीट आली, तुम्ही चाकांवर मागेपुढे सरकायला लागलात आणि सगळं गणित बदललं. आता खरा जोर पायांतून येणार होता. शिकवणं मात्र जुन्याच वळणाचं राहिलं, ताठ पाठीचं.

फेअरबेर्न म्हणाला, शरीराकडे बघू नका. वल्ह्याच्या पात्याकडे बघा. पाण्यात काम करतंय ते पातं. पाय रोवायची जी फळी असते तिच्यावर पायांनी जोर द्या, मन पात्यावर ठेवा आणि शरीराला त्याचं त्याचं करू द्या. पातं नीट चाललं तर शरीर आपोआप योग्य जागी येईल. उलट मुलाला तू मान अशी धर, कोपर तसं धर असं सांगत बसलात तर तो आखडून जाईल. बिचाऱ्याचं सगळं लक्ष स्वतःवर, पाण्यावर शून्य.

आज हे ऐकून तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? पण त्या काळच्या जुन्या मंडळींना हा अधर्म वाटला. फेअरबेर्नची मुलं जिंकतात पण दिसतात गबाळी, अशी टीका झाली. फेअरबेर्नवादी आणि सनातनी असे दोन तट पडले. त्यांची वर्तमानपत्रांतून भांडणं झाली, पुस्तकं निघाली. स्वतः फेअरबेर्ननेही बरंच लिहिलं. 'फेअरबेर्न ऑफ जीझस' हे त्याचं आत्मचरित्र 1931 चं, 'चॅट्स ऑन रोइंग' 1934 चं. (त्याचा मुलगा इयन हाही वल्हेकरी, 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या आठांच्या बोटीत होता. पुढे त्याने बापाचं लेखन एकत्र करून छापलं. हे आमच्या घरातल्या काही मंडळींनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहितोय. आबांच्या वह्या अजून ट्रंकेतच आहेत!)

मला या भांडणातला एक मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कोच जर शरीराकडे बघत असेल तर तो आपोआप शरीरं निवडायला लागतो. ज्याची पाठ चांगली, ज्याचा बांधा डौलदार, तो पुढे. बाकीचे मागे. पण तो पात्याकडे बघत असेल तर प्रश्नच बदलतो. पातं पाण्यात किती वेळ काम करतंय? आणि ते सुधारायचा उपाय काय? तर आणखी वल्हवणं. म्हणजे मैल. मग ज्याचा बांधा डौलदार नाही त्यालाही काहीतरी करण्यासारखं उरतं.

हे मला इतकं का भिडलं ते सांगतो. माझ्या भाचीला दोन वर्षांपूर्वी उन्हाळी शिबिरात पोहायला घातलं होतं. दहा वर्षांची पोर. तिसऱ्या दिवशी तिथल्या शिक्षकांनी मुलांचे दोन गट केले, एका गटाला स्ट्रोक शिकवायचे आणि दुसऱ्याने कमी पाण्यात खेळायचं. भाची दुसऱ्या गटात. ताईने विचारलं तर उत्तर मिळालं, "हिच्यात ते मटेरियल नाहीये हो." तिसऱ्या दिवशी! त्या माणसाचा मला राग आला खरा, पण तो काही दुष्ट नव्हता. साठ मुलं, एक तलाव, एक महिना. तो जे करत होता तेच सगळीकडे चालतं, शाळेच्या क्रिकेट टीमपासून गाण्याच्या क्लासपर्यंत. आपण त्याला निवड म्हणतो. शिकवण्याच्या आधीच निवड होते, आणि मग निवडलेल्यांना शिकवून झालं की आपण म्हणतो, बघा, आम्ही बरोबर निवडलं होतं.

असो. परत थेम्सवर जाऊ.

हिवाळा हा वल्हेकऱ्यांचा खरा परीक्षेचा काळ. स्पर्धा सगळ्या उन्हाळ्यात. हिवाळ्यात फक्त थंडी, धुकं आणि कंटाळा. पण मैल तर तेव्हाच साठवायचे असतात. पोरं येईनात. यावर फेअरबेर्नने जी तोड काढली ती आजही चालू आहे. थेम्सवर मॉर्टलेकपासून पटनीपर्यंत सव्वाचार मैलांची, म्हणजे सुमारे 6.8 किलोमीटरची एक शर्यत त्याने सुरू केली. बोट रेसचाच मार्ग, फक्त उलट्या दिशेने, ओहोटीबरोबर. नाव केंब्रिजवरूनच घेतलं: हेड ऑफ द रिव्हर. बोटी एकामागून एक सोडायच्या, घड्याळ लावून. धक्का द्यायचा नाही, शेजारच्याशी झुंज नाही. पहिली शर्यत 12 डिसेंबर 1926 ला झाली, 23 बोटी उतरल्या आणि लंडन रोइंग क्लब पहिला आला. (तो रविवार होता. रविवारी शर्यत म्हणून कुरकुर झाली आणि पुढे ती शनिवारवर गेली. देशोदेशीचे सनातनी सारखेच.)

या शर्यतीची गंमत अशी की पळताना कुणालाच कळत नाही आपण जिंकतोय की हरतोय. निकाल नंतर, घड्याळं जुळवून. त्यामुळे करण्यासारखं एकच उरतं, जास्तीत जास्त चांगलं वल्हवत राहायचं. आणि फेअरबेर्नचा खरा हेतूही शर्यत हा नव्हताच. क्लबांनी हिवाळाभर लांब लांब वल्हवावं, त्यासाठी हे निमित्त. म्हणजे सरावासाठी स्पर्धा! आपल्याकडे वारीचं जसं असतं ना, पंढरपूर आहे म्हणून चालणं होतं, तसंच काहीसं. आज तीच शर्यत मार्चमध्ये होते आणि तिच्यात 400 च्या आसपास बोटी उतरतात. प्रत्येक बोटीत आठ वल्हेकरी आणि एक सुकाणू धरणारा, करा हिशेब.

आता इथवर वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस म्हणजे मोठा लोकशाहीवादी. प्रत्येकाला वल्हवता येईल, फक्त मैल द्या! मलाही तसंच वाटत होतं. मग मी त्या काळचे नियम वाचले.

इंग्लंडमधल्या हौशी रोइंगच्या संघटनेचा आणि हेन्लीच्या प्रतिष्ठित रेगाटाचा एक नियम होता. जो माणूस हातांनी काम करून पोट भरतो, म्हणजे मजूर, कारागीर, यंत्रकामगार, तो 'हौशी' नाही. त्याला भाग घेता येणार नाही. पैसे घेऊन वल्हवणाऱ्यांना बंदी हे समजू शकतो. पण इथे गवंड्यालाही बंदी! त्याचे हात कामाने घट्ट झालेले, म्हणजे त्याला आधीच फायदा, असा काहीसा युक्तिवाद. खरं कारण काय ते आपल्याला सांगायला नको. शेजारी कोण बसणार, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

1920 मध्ये अमेरिकेच्या जॉन केली यांचा हेन्लीसाठीचा अर्ज नाकारला गेला. ते वीटकाम करणारे होते. त्यांच्या क्लबवर हेन्लीची जुनी बंदी होती हे एक कारण, आणि त्यांचं हातकाम हे दुसरं. हेन्लीतली एकट्याची ती शर्यत त्या वर्षी थेम्स रोइंग क्लबच्या जॅक बेरेसफर्डने जिंकली. त्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत केली आणि बेरेसफर्ड समोरासमोर आले आणि केली एका सेकंदाने जिंकले. (हे केली म्हणजे अभिनेत्री ग्रेस केलीचे वडील. आईला ही माहिती आवडेल.) पुढे 1936 मध्ये तर ऑस्ट्रेलियाची ऑलिंपिकला निघालेली आठांची बोट हेन्लीने नाकारली, कारण आठही जण पोलीस होते. फेअरबेर्नच्या देशाची माणसं! त्यावर बराच गहजब झाला आणि 1937 मध्ये नियमातला मजूर-कारागिरांबद्दलचा मजकूर काढला गेला. फेअरबेर्न मे 1938 मध्ये गेला. म्हणजे त्याच्या कोचगिरीची जवळजवळ सगळी वर्षं या नियमाखाली गेली.

तेव्हा 'प्रत्येकाला येईल' यातला 'प्रत्येक' कोण होता? ज्याला आधीच आत घेतलेलं आहे असा प्रत्येक. कॉलेजची फी भरलेला, क्लबची वर्गणी भरलेला. फाटकाच्या आत फेअरबेर्नने निवडीवर मैलांनी मात केली. फाटकावरची निवड तशीच राहिली.

मग आता आपण काय करायचं या माणसाचं? मला वाटतं त्याचा विचार त्याच्यापेक्षा मोठा होता, आणि तो पूर्ण व्हायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जावी लागली.

ब्रिटनने 2007 मध्ये उंच माणसांसाठी एक मोहीम काढली. आधी रोइंग केलेलं नसलं तरी चालेल, उंच असा, आम्ही शिकवू. बायकांसाठी अट होती 180 सेंटिमीटर. हेलन ग्लोव्हर नावाची खेळाची शिक्षिका थोडी कमी पडत होती, ती म्हणे मोजताना टाचा उंच करून उभी राहिली. 2008 मध्ये तिने वल्हं हातात धरलं आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हेदर स्टॅनिंगबरोबर सुवर्णपदक जिंकलं. यजमान ब्रिटनचं त्या स्पर्धेतलं ते पहिलंच सुवर्ण. आता सांगा, ही निवडीची जीत की मैलांची? निवड तर एका फुटपट्टीची होती आणि तीही टाचांवर उभं राहून चुकवलेली! मधली चार वर्षं मात्र कुठल्याच युक्तीने चुकवता आली नसती.

आणि आपल्या घरचं उदाहरण, दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. तिथे पाण्याची काय परिस्थिती असते ते मी सांगायला नको. पोरगा वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. 2012 मध्ये सैन्यात भरती झाला, पुण्यात आला, उंची पाहून त्याला रोइंगकडे वळवलं आणि सैन्याच्या दापोडीच्या केंद्रात त्याचे मैल सुरू झाले. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बोटीत तो तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या बोटीत त्याने सुवर्ण जिंकलं.

विहिरी खोदणारा. 1936 च्या हेन्लीत याला फाटकातून आत सोडला नसता, आणि फेअरबेर्नसारखा कोच आत उभा असून उपयोग झाला नसता. या दोन गोष्टी मला एकत्रच धराव्या लागतात. शिकवणारा कितीही मोठा असला तरी त्याच्यापर्यंत कोण पोहोचतं हे दुसरंच कुणीतरी ठरवत असतं. आणि उलटही तितकंच खरं. फाटक सताड उघडलं, पण आत तिसऱ्या दिवशी 'मटेरियल नाही' म्हणणारा बसलेला असेल, तर उघडं फाटक काय कामाचं?

फेअरबेर्नच्या अस्थी जीझस कॉलेजच्या चॅपलच्या आवारात आहेत. पण त्याचं स्मारक आहे थेम्सच्या काठावर, पटनीपासून एक मैलावर, फुलहॅमच्या फुटबॉल मैदानाच्या समोरच्या बाजूला. दगडी खांब, त्यावर त्याचा चेहरा. दर वर्षीच्या बोट रेसमध्ये पहिल्या मैलाची वेळ याच जागेपाशी नोंदतात. पुतळे चौकात उभे करायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे जरा वेगळं वाटेल. इथे कुणी थांबत नाही, हार घालत नाही. बोटी नुसत्या पुढून जातात. त्याच्याकडे बघायला त्यांना वेळ नसतो, कारण अजून तीन मैल वल्हवायचे बाकी असतात.